पायलच्या चित्रावरचं घर

दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठावर कौलारू घर, घराशेजारी नारळ आणि आभाळात मराठी चारच्या आकड्याचे पक्षी. हे चित्र आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी काढलेलं आहे, आणि मला त्याचा संताप येतो. मी अंबरनाथच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. माझ्या वर्गाच्या खिडकीतून मलंगगड दिसतो. तो त्रिकोणी नाही. मुलं रोज वालधुनी नदीचा पूल ओलांडून येतात, आणि तिचं निळं पाणी त्यांनी कधी बघितलेलं नाही. राहतात चाळीत, नाहीतर चिखलोलीकडच्या नव्या बिल्डिंगांमध्ये. तरी ‘चित्र काढा’ म्हटलं की सगळ्यांच्या हातातून तेच कौलारू घर उतरतं. विचारलं, “कोणाचं रे हे घर?” तर म्हणतात, “चित्रातलं.”

म्हणून यंदा शाळा सुरू झाली तशी मी सातवीत ब्रशबंदी जाहीर केली. दुकानातला ब्रश आणायचा नाही. ज्याने रंग लावायचा ते हत्यार आपलं आपण बनवायचं. आणि ओळखू येईल असं काहीही काढायचं नाही.

“मग काढायचं काय, मॅडम?” सम्यकने विचारलं. वर्गातला सगळ्यात मोठा आवाज त्याचा.

“हत्यार जे काढेल ते.”

“आणि आपण?”

“तू धरून ठेव त्याला. पळू देऊ नकोस.”

पहिले दोन शुक्रवार नुसता राडा झाला. मग मात्र पोरं पेटली. कोणी कडुलिंबाची काडी चावून चावून तिचं टोक फुलवलं. कोणी तुटका कंगवा आणला, कोणी फर्निचरच्या दुकानामागे पडलेले फोमचे तुकडे काठीला बांधले. सम्यकने सायकलची ट्यूब कापून लाटण्याला गुंडाळली आणि रंगात लोळवली. आईने नंतर ते लाटणं घेऊन त्याला शोधलं, ही गोष्ट वेगळी. कागदावर फराटे आले, ओरखडे आले, शिंतोडे आले, आणि पोरं एकमेकांना विचारायला लागली, “हे तू कशाने केलंस?” दुसऱ्याचं बघून उतरवणारी पोरं होती ही. आता प्रत्येकाला आपलं हत्यार लपवावंसं वाटायला लागलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की काहीतरी बरं चाललंय.

त्यात पायल खरात. ही मुलगी हजेरीला ‘येस मॅडम’ म्हणते तेवढंच बोलते. तिचं चित्र बघून कोणी ‘हे काय आहे?’ म्हटलं की मान खाली घालून म्हणायची, “झाड.” काहीही असो, झाड. तिची आई नूतन घरी धागे कापायचं काम करते. उल्हासनगरच्या गाळ्यांमधून शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे येतात, ती बसून लोंबणारे धागे कात्रीने उडवते. पायलने त्याच धाग्यांचे झुपके बांबूच्या चिरलेल्या काठीत घट्ट आवळून कुंचा बनवला होता. तो रंगात बुडवून ओढला की एका फटक्यात पन्नास बारीक रेघा निघायच्या, मधेच फाकायच्या, परत एकत्र यायच्या. तिने त्याने अख्खा मोठा कागद भरला, काळ्यावर निळं, निळ्यावर काळं. मी मागे उभी होते. काही विचारलं नव्हतं.

“मॅडम,” ती आपणहून म्हणाली, “आमच्या घरात सारखी कात्री चालते ना? ते आहे हे.”

“कात्री?”

“कात्री नाही. ते कचाकचा.”

मला इतका आनंद झाला होता की बोलले असते तर रडले असते, आणि सातवीसमोर रडणं परवडत नाही.

अशा वेळी आण्णा येणारच. आण्णा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. पत्र्याच्या दोन खोल्यांत त्यांनी ही शाळा सुरू केली, वर्षानुवर्षं लोकांच्या पाया पडून इमारत उभी केली. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही, पण त्या दिवशी रेटली असती. ते वर्गभर फिरले, एकेक कागद लांब धरून बघितला, उलटा करूनही बघितला.

“अस्मिताबाई, करायला गेलात गणपती आणि झाला मारुती, असं म्हणावं, तर इथे मारुतीपण दिसत नाही.”

पोरं हसली. मी नाही हसले.

“आपली पोरं कामगारांची आहेत,” आण्णा मला बाहेर घेऊन म्हणाले. “त्यांना हे थेर परवडत नाहीत. आधी चार भिंती, मग गच्ची. शुक्रवारचे हे दोन तास मी शिष्यवृत्तीच्या तयारीला द्यायचं म्हणतोय. पुढच्या वर्षी ही पोरं आठवीला परीक्षेला बसतील.”

“आण्णा, आपल्या पोरांनी फक्त कळणारंच काढायचं, हे कोणी ठरवलं? न कळणारं काढायचा हक्क काय फक्त मुंबईच्या गॅलरीवाल्यांना आहे?”

“भाषण नको. शाळेच्या स्नेहसंमेलनाला प्रदर्शन असतंच. पालक येतील. त्यांना चित्रं कळली, तर वर्ग तुमचा. नाही कळली, तर शुक्रवार शिष्यवृत्तीचा.”

घोडामैदान जवळच होतं. आणि तिथे मी माती खाल्ली. शाळेत चित्रं वाळत घालायला, पुठ्ठ्यावर चिकटवायला जागा नाही, म्हणून मी मुलांना म्हटलं, घरी न्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवून आणा. इतकी वर्षं शिकवूनही मला कळायला हवं ते कळलं नाही. आमच्याकडे शाळेने घरी पाठवलेली कुठलीही वस्तू ‘प्रोजेक्ट’ असते, आणि प्रोजेक्ट पोरांनी करायचं नसतं. ते बाप ऑफिसमधून येऊन करतो, आई स्वयंपाक आवरून करते, आणि अगदीच जमलं नाही तर कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला करतो.

सोमवारी चित्रं परत आली. सगळी ‘पूर्ण’ होऊन आली होती.

एकाच्या फराट्यांना दोन डोळे आणि सोंड लागली होती, गणपती झाला होता. एकीच्या शिंतोड्यांवर ‘पाणी वाचवा’ असं लाल अक्षरांत लिहून आलं होतं. सम्यकच्या ट्यूबच्या पट्ट्यांमध्ये डरकाळी फोडणारा वाघ बसला होता. तो त्याच्या सनीकाकाने बसवला होता, ज्याचं वाढदिवसाचे फ्लेक्स बनवायचं दुकान आहे. बाकीच्यांकडे आले होते डोंगर. डोंगर, सूर्य, नारळ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलं मात्र गप्प होती. घरच्यांनी मेहनत केलेली, बोलणार काय?

पायलने आपलं चित्र बाकावर पालथं ठेवलं होतं. मी उलटलं. तिच्या त्या कचाकच्यावर बरोबर मध्यभागी एक घर उभं होतं. लाल कौलं, पिवळं दार, दारात तुळस, धुराड्यातून धूर. फार मन लावून काढलेलं. कौलं एकेक वेगळी रंगवली होती.

“आईनं?” मी विचारलं.

“हो. ती म्हणाली, काहीच दिसत नाहीये, बाईंना वाटेल तू नुसतं काळं करून आणलंस. मग तिने काम बाजूला ठेवून काढलं.” थोडं थांबून ती म्हणाली, “खूश होती. म्हणाली, पाचवीनंतर आज रंग हातात घेतला.”

नूतनवर ओरडायला मी मनातल्या मनात दोन-तीन वाक्यं तयार ठेवली होती, ती गिळली.

तेवढ्यात आण्णा आले. पुठ्ठे बघितले आणि त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू.

“वा! वा, बाई! आता कसं? वाघ दिसतो, घर दिसतं. म्हणजे माझ्या बोलण्याचा उपयोग झाला. चला, वर्ग तुमचा. दर शुक्रवारी असंच काढून घ्या पोरांकडून.”

आणि मी “हो, आण्णा” म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मी मूग गिळून बसायचं ठरवलं होतं. स्टाफरूममध्ये सुरुचीला सांगितलं, ती गणित शिकवते. ती म्हणाली, “मग छानच की. प्रदर्शन होऊ दे, नंतर तुला हवं ते शिकव. वर्ग वाचला ना? कशाला हात दाखवून अवलक्षण?” ती चुकीचं बोलत नव्हती. पण मला सारखे आण्णांचे शब्द ऐकू येत होते. असंच काढून घ्या. नंतर म्हणजे कधी? दर वर्षी प्रदर्शन येणार, दर वर्षी कौलं चढणार. मी राखलेल्या त्या दोन तासांत डोंगरच काढायचे असतील, तर ते राखले कशासाठी?

शेवटच्या तासाला मी चित्रांखाली लावायच्या नावाच्या चिठ्ठ्या वर्गात वाटल्या. पायल उठून माझ्याजवळ आली.

“मॅडम, यावर माझं नाव नको.”

“का गं?”

“हे माझं नाही. आईचं आहे. आईचं नाव लावा.”

वर्ग हसला. पायल जागची हलली नाही. तिचे कान लाल झाले होते, पण चिठ्ठी तिने माझ्यापुढे धरूनच ठेवली. हळूहळू हसणं थांबलं.

“मग माझ्यावर पण सनीकाकाचं लावा,” सम्यक म्हणाला. “वाघ त्याचाय. मी नाय काढला.”

“माझ्यावर पप्पांचं.”

“माझ्यावर झेरॉक्सवाल्याचं. त्याचं नाव मला माहीत नाही.”

मी दार लावून घेतलं आणि मुलांना सगळं सरळ सांगितलं. गप्प राहिलो तर वर्ग राहील, अशी नावं लावली तर आण्णा चिडतील आणि शुक्रवार जाईल. मोठ्यांच्या भानगडीत मुलांना ओढू नये म्हणतात. पण हात त्यांचे, चित्रं त्यांची.

सम्यकने डोकं खाजवलं. “म्हणजे गप बसलो, तर वर्ग राहणार. पण त्यात हेच काढायचं?”

“हो.”

“मग तो राहून क्या फायदा?”

मी पेन काढून पहिली चिठ्ठी लिहिली: चित्रकार, नूतन महेंद्र खरात, पायलची आई.

आणि मुलांची स्वतःची चित्रं? ती नव्याने करायची ठरली. कागद संपला होता. सम्यकने सनीकाकाच्या दुकानातून वापरलेले फ्लेक्स आणले. पुढून कुठल्यातरी युवा नेत्याचा वाढदिवस आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो, पण मागून स्वच्छ पांढरे. शुक्रवारी आम्ही ते पटांगणात पालथे घातले आणि दोन तास पोरांनी धिंगाणा घातला. पायलने परत तोच आवाज काढला. या वेळी तो जास्त मोठा होता.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलच्या एका भिंतीवर पालकांची चित्रं, खाली पालकांची नावं. समोरच्या भिंतीवर फ्लेक्स, खाली मुलांची नावं. लोक आत आले, आपल्या पोराचं नाव शोधायला लागले आणि स्वतःचंच सापडल्यावर थबकले. एका वडिलांनी आपल्या डोंगराशेजारी उभं राहून सेल्फी काढला. दुसरे माझ्या अंगावर आले. “माझं नाव कशाला लावलं? मी फक्त मदत केली.” मी म्हटलं, “मग तुम्ही काय काढलं आणि त्याने काय काढलं, दाखवा ना.” ते चित्राकडे बघत राहिले आणि मग पाणी प्यायला गेले. सनीकाका मात्र फुशारून वाघाखाली उभा होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या दुकानाचा नंबर देत होता.

आण्णा चष्मा लावून एकेक चिठ्ठी वाचत आले. पायलच्या पुठ्ठ्यापाशी थांबले. तिथे नूतन उभी होती, ठेवणीतली साडी नेसून, हाताची बोटं पदरात लपवून.

“हे घर तुम्ही काढलंत?” आण्णांनी विचारलं.

“नाही, नाही,” नूतन घाईने म्हणाली. “पायलनेच काढलं. मी कुठली?”

“आई,” पायल म्हणाली. “खोटं नको ना बोलूस.”

नूतनने मुलीकडे बघितलं, मग समोरच्या भिंतीवरच्या त्या काळ्या-निळ्या फ्लेक्सकडे. तिला त्यात काय दिसलं ते मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलंही नाही.

“हो, मी काढलं,” ती म्हणाली. “पोरीच्या चित्रावर काढलं. खाली तिचं आहे.”

आण्णा माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता. “पालकांना त्यांच्या मुलांना काय येतं ते बघायला बोलावलं होतं, बाई. त्यांची शोभा करायला नाही. तुमचं माझं ठरलं होतं. येत्या शुक्रवारपासून हे दोन तास शिष्यवृत्तीचे.”

“ठीक आहे, आण्णा,” मी म्हटलं. “वर्ग तुमचा आहे, घ्या. पण शोभा मी नाही केली. ज्याने काढलं त्याचं नाव लावलं, एवढंच.” माझा आवाज कापला नाही, याचं मला अजून बरं वाटतं.

“माझी पायल शिष्यवृत्तीला बसेल,” नूतन मधेच म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं तशी ती गडबडली, पण थांबली नाही. “अभ्यास ती घरी करेल, मी करून घेईन. शुक्रवारी ती मॅडमकडेच बसेल.”

“कुठे बसेल? खोली मी देणार नाही.”

“जिथे मॅडम बसवतील तिथे.”

“आमचा पण सम्या,” सनीकाका वाघाखालून ओरडला.

बाकीचे पालक एकमेकांकडे बघत राहिले. दोघी-तिघींनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की मॅडम, राग मानू नका, पण आमच्या मुलाला शिष्यवृत्तीच बरी. मी राग मानला. त्यांच्या तोंडावर दाखवला नाही, इतकंच.

शुक्रवारी मी जिन्याखाली सतरंजी घातली. तिथे शिपाई झाडू आणि तुटके बाक ठेवतो, ते आम्ही भिंतीला सारले. मूठभर पोरं आली. वरच्या वर्गातून शिष्यवृत्तीच्या सरांचा आवाज येत होता, आगगाडीचा वेग आणि पुलाची लांबी. आम्ही सनीच्या दुकानातला सगळ्यात मोठा फ्लेक्स पालथा पसरला. जागा इतकी कमी की त्याची कड जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेली. पायल गुडघ्यांवर बसून कामाला लागली.

मधल्या सुट्टीच्या आधी आण्णा जिना उतरून आले. मला वाटलं, हाकलायलाच आले. ते शेवटच्या पायरीवरून खाली उतरले आणि बघत राहिले. मग त्यांना राहवलं नाही, वाकून पायलला विचारलं, “बाळा, हे काय काढलंयस?”

ही आता ‘झाड’ म्हणणार, आणि आण्णा ‘बघा’ म्हणणार.

“अजून काढतेय, आण्णा,” पायल म्हणाली. “तुमचा पाय चित्रावर आहे.”

आण्णांनी खाली बघितलं. त्यांची चप्पल फ्लेक्सच्या कडेवर होती, ओल्या निळ्या रंगात. “अरे,” म्हणून त्यांनी पाय उचलला. मागे ठसा राहिला, अख्ख्या चपलेचा, टाचेसकट.

“मॅडम, आण्णांनी पण काढलं!” सम्यक किंचाळला. “नाव लावायचं का?”

कोणी हसलं नाही. आण्णा एका पायावर जिन्याचा कठडा धरून उभे होते आणि आम्ही सगळे पायलकडे बघत होतो. तिने तो ठसा नीट बघितला. मग कुंचा काळ्या रंगात बुडवला, डबीच्या काठावर निथळला आणि आण्णांच्या देखत त्याच्यावरून एक लांबलचक फराटा ओढला.

“सरका थोडे,” ती त्यांना म्हणाली. “मला अजून तिकडे जायचंय.”

आण्णा सरकले.